बाराव्या वर्षीचं हेडहंटिंग

फी माफ, किट शाळेचं, सरावाला खास सर! मुंबईत चांगली बॅटिंग करणाऱ्या मुलाला शाळा शोधावी लागत नाही, शाळाच त्याच्या घरी येते. पण या ऑफरचं लेटर कधी कुणी पाहिलंय का?

सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये तुम्ही त्याला नक्की पाहिलं असेल. सातवी-आठवीतला पोरगा, पाठीवर जवळजवळ त्याच्याच उंचीची किटबॅग आणि आजूबाजूच्या काकांची अखंड कटकट. आपणही लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो. पुढच्या वेळी त्याच्या टी-शर्टवरचं शाळेचं नाव वाचा. मुलगा विरारचा, शाळा वांद्र्याची! विरारला शाळा नाहीत का? आहेत की. पण हॅरिस शिल्ड जिंकायच्या ईर्ष्येनं पेटलेली शाळा वांद्र्यात आहे.

हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड या मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धा शंभराहून जास्त वर्षांच्या आहेत. तिथे नाव झालं की शाळेच्या अॅडमिशनचा भाव वधारतो, आणि मुलाचं नाव निवड समितीच्या कानावर जातं. दोघांचाही फायदा. म्हणून आपल्या कॉर्पोरेट जगात चालतं तसंच हेडहंटिंग इथेही चालतं. फरक इतकाच, की इथला कँडिडेट बारा वर्षांचा असतो आणि नोटीस पिरिअड वगैरे भानगड नसते.

यातला सगळ्यात गाजलेला जॉब स्विच कुणाचा, हे सांगायलाच नको. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होता. क्रिकेट सीरियसली खेळायचं तर शाळा बदला, असं रमाकांत आचरेकर सरांनी सुचवलं आणि तो दादरच्या शारदाश्रममध्ये आला. आधी बसचा प्रवास, मग शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी मुक्काम. 1988 मध्ये हॅरिस शिल्डच्या सेमीफायनलला त्याने आणि विनोद कांबळीने 664 रन्सची भागीदारी केली, आणि शाळा बदलणं हा मुंबईतल्या आईबाबांसाठी एक फॉर्म्युलाच होऊन बसला.

पण खरी स्कॉलरशिपची गोष्ट आहे रोहित शर्माची. बोरिवलीला आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा तेव्हा ऑफस्पिन टाकायचा. 1999 मध्ये दिनेश लाड सरांनी त्याला एका मॅचमध्ये हेरलं आणि आपल्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ये म्हणाले. रोहितच्या घरच्यांना ती फी झेपणारी नव्हती. लाड सर शाळेच्या व्यवस्थापनाशी बोलले, फी माफ झाली आणि पुढची चार वर्षं रोहितला पैसे भरावे लागले नाहीत. 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषक उंचावणाऱ्या कॅप्टनची सुरुवात ही अशी एका मास्तरांच्या शब्दावर झाली!

पालघरच्या शार्दूल ठाकूरच्या बाबतीत तर लाड सर आणखी पुढे गेले. रोजचा प्रवास जमणार नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. 2006 मध्ये याच शाळेकडून खेळताना शार्दूलने हॅरिस शिल्डमध्ये एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले. लाड सरांना 2022 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. तरीही एक गोष्ट खटकतेच. या दोन्ही मुलांना जे मिळालं ते एका माणसामुळे मिळालं. सर भले निघाले म्हणून निभावलं. सर नोकरी सोडून गेले, किंवा मॅनेजमेंट बदललं, तर?

इंग्लंडमध्ये हा मामला बराच रोखठोक असतो. खासगी शाळा स्कॉलरशिप जाहीर करतात, ट्रायल घेतात, फीमध्ये किती सूट मिळणार ते आधी सांगतात. शेफिल्डच्या सरकारी शाळेतला जो रूट पंधराव्या वर्षी अशाच स्कॉलरशिपवर वर्कसॉप कॉलेजच्या बोर्डिंगमध्ये गेला. तिथेही सगळं गोडगोड नाही. क्रिकेट महागड्या शाळांच्याच ताब्यात गेलंय अशी ओरड तिकडेही आहे. पण निदान पालकांना आपण कशावर सही करतोय हे ठाऊक असतं.

आपल्याकडे मोजक्या शाळांनी चांगली पोरं गोळा केली की काय होतं, ते स्कोअरबोर्डच सांगतो. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डचे हे आकडे बघा. 2009 मध्ये सर्फराझ खान 439, 2010 मध्ये अरमान जाफर 498, 2013 मध्ये पृथ्वी शॉ 546! टाळ्या तर वाजल्याच पाहिजेत. पण दिवसभर उन्हात बॉल आणायला धावणाऱ्या समोरच्या अकरा जणांचा विचार कुणी केला? त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या दिवशी बॅट हातात घेतली असेल?

आणि मुली? त्यांच्या दारात अजून फारसं कुणी येत नाही. जेमिमा रॉड्रिग्जला पहिला कोच घरातच मिळाला, तिचे बाबा!

याच गोष्टीची दुसरी बाजू कल्याणला दिसली. जानेवारी 2016 मध्ये के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद 1009 रन्स केले. रिक्षाचालकाचा मुलगा रातोरात टीव्हीवर झळकला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षं दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. इथे सगळं अधिकृत होतं, तोंडी काही नव्हतं. पण दीड वर्षातच फॉर्म हरवला, आणि 2017 मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ही मदत थांबवा असं कळवलं. पैशाबरोबर दर सीझनला काहीतरी करून दाखवायचं ओझं येतं, ते त्या घराने जवळून पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते कितपत पेलणार?

त्यामुळे उद्या तुमच्या भाच्यासाठी किंवा शेजारच्या पिंट्यासाठी अशी ऑफर आली, तर हुरळून जाण्याआधी शाळेच्या ऑफिसात जा, फक्त ग्राउंडवर भेटून परत येऊ नका. फी माफी कुणाच्या सहीने मिळणार, आणि ती एका वर्षाची की थेट दहावीपर्यंतची? किट, बस, नाश्ता यातलं काय शाळेकडे? खांदा दुखावला आणि सीझन बुडाला, तर पुढच्या वर्षीची फी कोण भरणार? बुडालेले तास भरून काढायला शाळेत कुणी शिक्षक आहे का? विचारायला लाजू नका, आपण पॅकेज ठरवताना लाजतो का? आणि सगळ्यावर ‘बघू नंतर’ एवढंच उत्तर मिळालं, तर घराजवळच्या शाळेतून दाखला इतक्यात काढू नका.