रायटर्स बिल्डिंग : जीर्णोद्धार कोणत्या पाठाचा?

फोर्ट विल्यम महाविद्यालयाचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात इतके रुळले आहे की, ते किल्ल्यातच भरत असावे असा समज सहज होतो. वस्तुतः वेलस्लीने 1800 मध्ये स्थापिलेले हे महाविद्यालय आरंभीची दशके किल्ल्याबाहेर, कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये होते. येथील ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा कनिष्ठ कारकून. वाङ्मयाच्या अभ्यासकाला नावाचा मोह पडतो, म्हणून हे सांगणे भाग आहे.

येथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये व मोडी लिपीतील शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला. त्याचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा यांचे ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (1816) हे रामराम बसू यांच्या 1801 च्या बंगाली ग्रंथाचे मराठी रूप. म्हणजे मुंबईत ‘पंचोपाख्यान’ (1822) छापले जाण्यापूर्वीच बंगाली गद्य मराठीत उतरले होते, आणि तेही इंग्रज विद्यार्थ्यांच्या गरजेपोटी. तौलनिक अभ्यासाला या त्रिकोणाचे मोल महाराष्ट्रातील अनेक प्रारंभकथांहून अधिक आहे.

परंतु ज्या वास्तूशी हा व्यवहार निगडित होता, तिचे तेव्हाचे रूप आज दिसत नाही. टॉमस लायनने 1777 मध्ये उभारलेली इमारत साधी, जवळजवळ बराकीसारखी होती. आज ओळखीचा असलेला लाल दर्शनी भाग, ग्रीक-रोमन धाटणीचा मध्यमंडप, माथ्यावरची मिनर्व्हा आणि न्याय, वाणिज्य, विज्ञान व कृषी यांच्या मूर्ती हे सारे व्हिक्टोरियन काळाचे, मुख्यतः 1880 च्या आसपासचे लेणे आहे. ॲशली ईडनच्या कारकिर्दीत येथे बंगालचे सचिवालय आले, तेव्हा कारकुनांच्या वसतिस्थानाला साम्राज्याचा मुखवटा चढविला गेला.

ऑक्टोबर 2013 मध्ये राज्य सचिवालय हावड्याच्या ‘नबान्न’ इमारतीत हलले आणि रायटर्सच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. स्वातंत्र्यानंतर आवारात वाढलेली बांधकामे काढून मूळ वास्तू मोकळी करावी, असा त्यामागचा विचार. येथे संहितासंपादकाला परिचित अशी अडचण उभी राहते. उत्तरकालीन बांधकाम ‘प्रक्षिप्त’ ठरवायचे, तर 1880 च्या सुमाराचा दर्शनी भागही प्रक्षिप्तच नव्हे काय? आणि तोच ‘मूळ’ मानायचा, तर कॅरी-वैजनाथांचा काळ त्याखाली कायमचा गाडला जातो. व्हिक्टोरियन पृष्ठभाग खरवडून 1805 ची भिंत शोधावी, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय 8 डिसेंबर 1930 रोजी बिनय, बादल व दिनेश यांनी सिम्पसनवर गोळ्या झाडल्या त्या याच, सचिवालय झालेल्या इमारतीत. तो थरही पुसता येणार नाही. मात्र ‘मूळ’ हा शब्द वापरताना कोणता पाठ प्रमाण धरला, हे तेथे नोंदलेच पाहिजे.

योगायोग असा की, डिसेंबर 2024 मध्ये खुद्द फोर्ट विल्यमचे नाव सिंधुदुर्गातील किल्ल्यावरून ‘विजय दुर्ग’ झाले. ज्या किल्ल्यात मराठीचे वर्ग कधी भरलेच नाहीत, त्याला मराठी नाव लाभले. वैजनाथ पंडितांचा वावर मात्र तेथून उत्तरेस, डागडुजी चालू असलेल्या त्या लाल इमारतीत होता.