जंगलाचं गेट वेळेवर बंद होतं. आपल्या कामाचं कधी होणार?

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेलं नागझिरा 1970 साली अभयारण्य झालं. पुढे 12 डिसेंबर 2013 रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. इथे पर्यटकांना फिरवण्याचे नियम ठरलेले आहेत. सकाळची एक फेरी, दुपारची एक फेरी. चोरखमारा असो की पिटेझरी, ठरलेल्या वेळेला गाडी गेटाबाहेर आलीच पाहिजे. आठवड्यातून एक दिवस सफारी बंद असते आणि पावसाळ्यात तर साधारण जुलै ते सप्टेंबर गेटच उघडत नाही. जंगलालाही विसावा लागतो, हे सरकारने मान्य केलेलं आहे.

या जंगलावर पोट असणारे गाइड आणि जिप्सीचालक मात्र महिन्याच्या पगारावर नसतात. जितक्या फेऱ्या मिळतील तितके पैसे. फेरी नाही तर कमाई नाही. त्यांना कुणी ‘फ्रीलान्सर’ म्हणत नाही, पण ते तेच आहेत. तिरोडा, साकोली, गोंदियात लग्नाचे फोटो काढणारा मुलगा, मेहंदी काढणारी मुलगी, घरी शिवणकाम करणारी भाभी, लॅपटॉपवर डिझाइन किंवा भाषांतर करून देणारा पदवीधर, ट्यूशन घेणारी बाजी, हे सगळे याच रांगेतले. आपल्या समाजात असा स्वतंत्र रोजगार करणारी घरं कमी नाहीत. म्हणून त्यांच्या कामाच्या वेळेचा प्रश्न हा आपल्या घरांचा प्रश्न आहे.

सुट्टी कुणाकडे मागायची?

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या कामगारांसमोर निदान मालक तरी होता. स्वतंत्र काम करणाऱ्याने सुट्टी मागायची कुणाकडे? मालकही तोच आणि मजूरही तोच. आणि बहुतेक वेळा त्याच्यातला मालक फार कडक निघतो.

घरून, नगावर होणारं काम आपल्या भागाला नवीन नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका घरात बिडी वळत आल्या. हजार बिड्यांमागे मजुरी, मांडीवर सूप, एक डोळा चुलीवर आणि एक लेकरावर. बिडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, त्यात घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं गेलं. पण तेव्हाच्या आणि आताच्या कामात एक फरक आहे. तंबाखू-पानं संपली की सूप कोपऱ्यात जायचं. मोबाइल मात्र उशाशी येतो. रात्री साडेअकराला ‘भाई, जरा एवढं बघा ना’ असा मेसेज येतो आणि माणूस उठून बसतो.

यात नुकसान फक्त झोपेचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात दिसलं. 55 तास म्हणजे सातही दिवस रोज आठ तासांपेक्षा थोडं कमीच. एकही दिवस सुट्टी न घेणारा माणूस तिथे सहज पोचतो, आणि त्याला कळतही नाही.

दीन काय सांगतो?

काही जण म्हणतात, हलाल कमाईसाठी राबणं हीसुद्धा इबादत आहे, मग थांबायचं कशाला? याचं उत्तर हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. सहीह बुखारीत ही हदीस आहे. दोघांना नबी करीम (स.) यांनी भाऊ बनवलं होतं. सलमान भेटायला गेले तर अबू दरदांच्या पत्नी अगदी साध्या, अवस्थेकडे लक्ष नसल्यासारख्या दिसल्या. विचारलं तर कळलं की यांना दुनियेत रसच उरला नाही. अबू दरदा दिवसभर रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि शेवटच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावलं की तुमच्यावर रबचा हक आहे, तसा तुमच्या स्वतःचा आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्या. ही गोष्ट नबी करीम (स.) यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान खरं बोलले असं फर्मावलं.

इथे लक्षात घ्या, रोखलं गेलं ते नफ्ल इबादतीच्या अतिरेकाला. घरच्यांचा हक मारून जर इबादतही वाढवायची नाही, तर मग एका जास्तीच्या ऑर्डरसाठी तो हक कसा मारता येईल?

सूरह जुमुआ तर कामाचं वेळापत्रकच शिकवते. अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, नमाज संपली की रोजी शोधायला निघा. म्हणजे काम वाईट नाही. पण कामाला थांबवणारी एक हाक आहे, आणि ती ऐकू आली की थांबायचं. दिवसातून पाच वेळा आपल्याला थांबण्याचा सराव दिला आहे. तो सराव कामाच्या वेळेलाही लावता येतो. मगरिबनंतर नवीन काम घ्यायचं नाही, इशानंतर कामाचा मोबाइल वाजणार नाही. ज्यांचं कामच रात्रीचं आहे, त्यांनी दिवसातले काही तास असेच बंद ठेवावेत.

भीती पैशाची असते

खरं सांगायचं तर माणूस लोभापोटी कमी आणि भीतीपोटी जास्त राबतो. ‘आज नाही म्हटलं तर उद्या गिऱ्हाईक येईल का?’ ही भीती खोटी नाही. तिचा इलाज हिशेबात आहे.

नागझिऱ्याच्या चालकाचं उदाहरण घ्या. समजा, हंगामाच्या नऊ महिन्यांत सगळा खर्च जाऊन त्याच्या हाती 1 लाख 80 हजार रुपये उरले. महिन्याचे 20 हजार वाटतात. पण घर बारा महिने चालतं. बारांनी भागलं तर महिन्याचे 15 हजारच होतात. त्याने घरात दर महिन्याला 15 हजारच ‘पगार’ म्हणून द्यायचा आणि 5 हजार वेगळ्या खात्यात ठेवायचे. नऊ महिन्यांत 45 हजार जमतात आणि पावसाळ्याचे तीन महिने निघतात. लग्नसराईवर चालणारा फोटोग्राफर असो की परीक्षेच्या हंगामातली ट्यूशन, गणित हेच. ज्याच्याकडे मंदीचे तीन महिने बाजूला आहेत, तोच रात्री अकराच्या मेसेजला ‘सकाळी बघतो’ म्हणू शकतो.

दुसरं, कामाची बोली लिहून घ्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरात आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण मात्र ‘अपनाच माणूस आहे’ म्हणून सगळं तोंडी ठरवतो. काम किती, पैसे किती, आगाऊ किती, बदल किती वेळा करून देणार आणि कधी देणार, हे व्हॉट्सअॅपवर चार ओळींत लिहिलं तरी पुरे. निम्मं जागरण या चार ओळी नसल्यामुळे होतं.

तिसरं, सरकारी आधार सोडू नका. 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंदणी करता येते. 18 ते 40 वयाच्या, महिन्याला 15 हजारांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे. वयाच्या साठीनंतर तिच्यातून महिना 3 हजार पेन्शन मिळते. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा विमा योजनाही आहे. विम्याबाबत मनात शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारून ठरवा, पण माहितीच नाही म्हणून राहू नका.

घरातल्या बाईचं काम

घरून काम करणाऱ्या बहिणींची गोष्ट वेगळी आहे. पुरुष कामाला बसला की घरात ‘आवाज नको’ म्हणतात. बाई मशीनवर बसली की ‘जरा चहा टाक’ म्हणतात. तिचं काम दोन वेळच्या स्वयंपाकाच्या फटीत आणि सगळे झोपल्यावर चालतं. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तर ईदच्या कपड्यांसाठी तिला सहरीपर्यंत जागावं लागतं. तिने कितीही नियोजन केलं तरी घरच्यांनी हात लावल्याशिवाय तोल साधणार नाही. तिच्या कामाचे तास घरात सगळ्यांना माहीत असावेत आणि त्या तासांत चूल, लेकरं, पाहुणे दुसऱ्या कुणीतरी पाहावेत. तिने ईदच्या ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख आधीच सांगून ठेवावी. त्यानंतर आलेलं काम मोहल्ल्यातल्या दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या बहिणीकडे पाठवावं. तिच्याकडून पुढे कधीतरी ते परत येतंच.

शाळेत आम्हाला लेकरांच्या वहीतून घर दिसतं. सही नसलेली वही, आठवडाभर न पाहिलेला गृहपाठ. विचारलं तर उत्तर एकच: ‘अब्बा कामावर होते.’ कुठे? ‘घरीच.’ घरी असूनही नसलेला बाप लेकराला लगेच ओळखू येतो.

या आठवड्यात एवढंच करून बघा. घरच्यांसोबत बसून कामाची सुरू होण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरवा, आणि ती गिऱ्हाइकांनाही कळवा. पहिले काही दिवस कुणी कुरकुर करेल. नागझिऱ्यात वाघ दिसला नाही म्हणून कुणासाठी गेटाची वेळ वाढत नाही, तरी पर्यटक पुन्हा येतातच. चांगलं काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईकही येतं. रिझ्क देणारा अल्लाह आहे.