खारबांध फुटला तर नुसतं पीक नाही, जमीनही जाते. बांधाला धोका कुठून?

रायगड : अलिबाग, पेण भागातल्या खारेपाटात खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. इथली बरीच शेतं मोठ्या भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहेत. बांध नसेल तर दिवसातून दोन वेळा खारं पाणी शेतात येईल.

उघाडी काय करते?

पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात उघाडी ठेवतात. तिचं दार खाडीच्या बाजूला उघडतं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दार बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. पावसाळ्यात गोडं पाणी मातीतला खारटपणा धुऊन याच वाटेने नेतं, म्हणूनच इथे भात पिकतो. पण दारात लाकूड किंवा प्लास्टिक अडकलं की बांध न फुटताही खारं पाणी आत शिरतं.

खांड कशी पडते?

सुरुवात बहुतेक वेळा लहान असते. खेकड्याचं किंवा उंदराचं बीळ, उन्हाने पडलेली भेग, लाटांनी खाल्लेली कड. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी त्यातून वाट काढतं. मग भरतीला आत, ओहोटीला बाहेर, असं ये-जा करत दोन्ही बाजूंची माती कापत नेतं. आज चार घमेल्यांत बुजणारं भोक नंतर मशीन लावूनही आवरत नाही.

खारं पाणी शिरल्यावर त्या वर्षीचं पीक जातंच, शिवाय जमीन परत गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. खारटपणा सोसणाऱ्या 'पनवेल' जातीच्या भातालाही रोजची भरती झेपत नाही. खांड तशीच राहिली तर शेतात कांदळवन उगवतं. ते तोडायला कायद्याने बंदी असल्याने सातबारा नावावर असूनही शेत कसता येत नाही. बांधाबाहेरची कांदळं मात्र लाटांचा जोर मोडतात, ती बांधाची राखणदारच.

दुरुस्ती कोणाची?

पूर्वी जोळ पद्धत होती. शेतकरी एकत्र येऊन बांध राखायचे, खांड पडली की घरटी माणूस धावायचा. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम 1979 मध्ये आला. आज काही बांध शासकीय योजनेत आहेत, काही खाजगी. आपला बांध कशात मोडतो हे खारभूमी विभागाकडून आधीच लेखी विचारून ठेवावं. खांड पडल्यावर त्या चौकशीत उधाणं निघून जातात.

पावसाआधी हे करा

- ऐन भरतीच्या वेळी बांधाच्या आतल्या अंगाने चाला. गळती तेव्हाच दिसते.
- बीळ वरून बुजवू नका. खणून मोकळं करा, चिकण माती थराथराने चोपून भरा.
- भरावाची माती बांधाच्या पायथ्याजवळून काढू नका, बांध खचतो.
- उघाडीतला गाळ-कचरा काढा, दार नीट मिटतं का पाहा.
- गळतीचा तारखेसह फोटो काढा. ग्रामपंचायत आणि खारभूमी विभागाला अर्ज देऊन पोच घ्या. पीक गेलं तर तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी लगेच करा.

बांध सगळ्यांचा असतो, पण खांड एकाच्या शेतापुरती थांबत नाही. पुढच्या उधाणाआधी गावातल्या चौघांनी मिळून एक फेरी मारली तरी पुष्कळ.