बाळाचं वजन आणि महाभारताच्या पोथ्या: दोन्ही संशोधनच!

बाळं मोजणं किंवा जुन्या पोथ्या चाळणं, यात कसलं आलंय संशोधन? पुण्यातली ही दोन कामं बघा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं हडकुळी? दिसायला हो. पण त्वचेच्या घडीची जाडी मोजल्यावर कळलं, स्नायू बरेच कमी आहेत, चरबी मात्र तेवढी कमी नाही. भारतीयांच्या मधुमेहाची मुळं थेट आईच्या पोटापर्यंत शोधायला यामुळे बळ मिळालं.

दुसरं काम भांडारकर संस्थेचं. १९१९ ते १९६६ या काळात तिथे महाभारताची १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. जुन्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या प्रतींत न सापडणारा मजकूर मूळ संहितेतून बाजूला काढला. त्यात गणपती महाभारत लिहून घेतो ही सगळ्यांची लाडकी गोष्टही गेली! फेकलं मात्र काही नाही. वगळलेला मजकूर तळटिपांत आणि परिशिष्टांत छापला आहे, कुणालाही तपासता यावा म्हणून.