फणीचे नाणे

बाराव्या शतकात, ज्याचे नाव आज मद्यामुळे सर्वतोमुखी झाले आहे त्या शाम्पेन परगण्याचा काउंट हा फ्रान्सच्या राजाचा मांडलिक असला, तरी त्याच्या प्रोव्हँ येथील टांकसाळीत पडणारे दनिए नावाचे चिमुकले नाणे आल्प्स पर्वत ओलांडून थेट इटलीच्या बाजारात चालत असे. बारा दनिएंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र असा हिशेब असे; परंतु सू व लिव्र केवळ वहीत राहत, हाताला लागे तो दनिएच.

चांदीमिश्रित धातूचा पत्रा ठोकून पातळ करावा, कात्रीने त्याच्या चकत्या कापाव्यात, लाकडी ठोकळ्यात पक्क्या बसविलेल्या खालच्या ठशावर एकेक चकती ठेवून वरचा ठसा हाती धरावा आणि त्यावर हातोड्याचा घाव घालावा, एवढीच या नाण्याची कृती; आपली शिवराईही घावानेच पडे. सारा भार वरच्या ठशावर येत असल्यामुळे तो लवकर झिजे. कडा वेड्यावाकड्या असल्याने त्या कातरून चांदी चोरण्याची सोयही नाण्यातच होती! एका बाजूस क्रूस आणि काउंट तिबोचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चक्क फणी. लोकरीच्या धंद्यामुळे ती आली असे पुष्कळांना वाटते. परंतु जुन्या नाण्यांवरील राजनामाची गुंफलेली अक्षरे पिढ्यानुपिढ्या नकलताना बिघडत जाऊन फणी झाली, हेच मत मला अधिक ग्राह्य वाटते.

नाणे वजनाने ग्रॅमभर, आणि त्यातही तांब्याचा भाग मोठा. तेव्हा त्याची पत केवळ धातूत नव्हती. लान्यी, बार-सुर-ओब, प्रोव्हँ आणि त्र्वा या चार नगरांत मिळून वर्षाकाठी सहा जत्रा भरत. फ्लँडर्सचे कापडवाले व इटलीचे सराफ तेथे एकत्र येत, आणि काउंटने नेमलेले जत्रारक्षक करारमदारांची तामिली करून घेत. जेथे देणे बुडत नाही, तेथील नाणे नाकारण्यास व्यापाऱ्याला कारण उरत नाही. खुद्द रोमच्या सिनेटने ११८० नंतरच्या दशकांत आपली नाणी पाडली ती याच फणीची नक्कल करून, ही गोष्ट कोणत्याही सनदेहून बोलकी आहे.

पुढे नवव्या लुईने फर्मान काढून सरदारांची नाणी त्यांच्या त्यांच्या मुलुखापुरती मर्यादित केली आणि राजाची नाणी मात्र सर्वत्र चालावीत असे ठरविले. १२८४ मध्ये शाम्पेनची वारस जान हिचा विवाह युवराज फिलिपशी झाला, दुसऱ्याच वर्षी तो गादीवर आला, आणि परगण्याबरोबर टांकसाळही राजघराण्याकडे गेली. जिनोव्हाची गलबते समुद्रमार्गे थेट ब्रूजला जाऊ लागल्यावर जत्राही ओसरल्या. रोममध्ये मात्र फणी टिकली. १३४७ साली तेथे सत्ता बळकावणाऱ्या कोला दि रिएन्झोच्या नाण्यांवरही ती आढळते.