काळा आजार आणि डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

आसाम, बंगाल आणि बिहार ह्या प्रांतांत काळ्या आजाराने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली. ताप महिनोन्महिने हटत नसे. प्लीहा वाढून पोट पुढे येई, हातपाय मात्र काटक्यांसारखे होत. पुष्कळांच्या त्वचेवर काळसर छटा येई. त्यावरूनच हे नाव पडले. उपचार न झालेले बहुतेक रोगी दगावत. १९०३ साली लिशमन व डोनोव्हन ह्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ह्या रोगाच्या परोपजीवीचे वर्णन केले. तो वाळूमाशीच्या दंशाने पसरतो, हेही पुढे सिद्ध झाले.

परंतु रोगाचे कारण कळणे निराळे आणि रोगी वाचविणे निराळे. हे दुसरे कार्य कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१८७३–१९४६) ह्यांनी केले. ते रसायनशास्त्राचे एम. ए. आणि वैद्यकाचे एम. डी. होते. १९०५ पासून कॅम्बेल वैद्यकीय विद्यालयात ते विद्यार्थ्यांना शिकवीत आणि तेथील रुग्णालयात रोगी तपाशीत. तेथल्याच एका लहानशा खोलीत त्यांचे संशोधन चाले. त्या खोलीत गॅस नव्हता, वीज नव्हती, पाण्याचा नळही नव्हता. रात्री कंदिलाच्या उजेडात काम करावे लागे.

त्या काळी अँटिमनीचे क्षार शिरेतून देत. त्यांनी परोपजीवी मरत; पण अँटिमनी रोग्यालाही विषच. उपचार महिनोन्महिने लांबत आणि क्षीण झालेल्या देहाला ते सोसवत नसत. अँटिमनीचा मारक गुण टिकवून तिचा अपाय कमी कसा करावा, हा प्रश्न रुग्णशय्येपाशी उद्भवला. उत्तर मात्र रसायनशास्त्रातच शोधणे भाग होते. ब्रह्मचारींनी अँटिमनीची अनेक सेंद्रिय संयुगे बनविली. त्यांतूनच १९२० च्या सुमारास ‘यूरिया स्टिबामाइन’ हे औषध सिद्ध झाले. महिन्यांचा उपचार आता काही आठवड्यांत आटोपू लागला. आसामात त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होऊन असंख्य प्राण वाचले.

औषध सापडले तरी ब्रह्मचारींची रोग्यांवरील नजर ढळली नाही. काळ्या आजारातून बरे झालेल्या काहींच्या त्वचेवर पुढे फिकट डाग व गाठी उमटत. त्यांत तोच परोपजीवी असल्याचे त्यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. अशा माणसाला ताप नसतो, तो आपल्या कामधंद्यात असतो. तथापि त्याला चावलेली वाळूमाशी रोग दुसऱ्यापर्यंत नेऊ शकते. म्हणजे ताप उतरला तरी वैद्याचे काम संपत नाही.

पुढे बिहारमध्ये परोपजीवी अँटिमनीला दाद देईनासा झाला. आज तिच्या जागी लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी वापरतात. औषधे अशी बदलत गेली. पण बरे झालेल्यांची त्वचा तपासण्याचे काम काळ्या आजाराच्या निर्मूलनात आजही चालू आहे.