एक्स्प्लेनर : ‘फकिरा’तली हजेरी नेमकी काय होती?

गुन्हा केलेला नाही, तरी रोज हजेरी. कारण एकच, जन्म मांग समाजातला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांवर हा शिक्का मारला. शरम एकट्याची नव्हती, घरादाराची होती. १९५२ मध्ये कायदा गेला, गावाच्या नजरेतला संशय मात्र राहिला.

१९५९ मध्ये अण्णाभाऊ साठेंची ‘फकिरा’ आली. अण्णाभाऊ वाटेगावचे, त्यांच्या जन्माच्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत. कादंबरीतला फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही. सरकार त्याच्या माणसांना डांबतं, तेव्हा तो स्वतःहून हजर होतो. इथे मान खाली जाते ती सरकारची. अण्णाभाऊंनी हे पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं.